दहा बाय बाराच्या खोलीतील प्रकाशशास्त्र

कॅमेरा विकत घेणारा माणूस आणि लेन्स विकत घेणारा माणूस एकाच देहात राहत असले, तरी दोघांच्या वृत्तीत मूलभूत फरक आढळतो. पहिल्याला फोटो काढायचे असतात, तर दुसऱ्याला ते चांगले का येत नाहीत याचे कारण सापडलेले असते, आणि ते कारण नेहमी दुकानात मिळते. कॅमेऱ्याच्या खोक्यातच येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स, जिला व्यवहारात किट लेन्स म्हणतात, ती साडीतच आलेल्या ब्लाउजपिसासारखी असते. शिवले तर ते अंगाला व्यवस्थित बसते, रंगही जुळतो, पण ते घालून मिरवण्यात कोणालाच भूषण वाटत नाही. पहिले पंधरा दिवस या लेन्सने गॅलरीतील जास्वंद, शेजाऱ्यांचे मांजर आणि गच्चीवरून दिसणारा मावळता सूर्य असे तीन विषय हाताळून झाले, की सोळाव्या दिवशी मांजराच्या मिशा पुरेशा धारदार आल्या नसल्याचा साक्षात्कार होतो, आणि तेथून पुढे जी अवस्था सुरू होते तिच्यात सापडलेल्या व्यक्तीला प्रस्तुत विवेचनात ‘लेन्सार्थी’ असे म्हटले आहे. विद्यार्थी आणि शरणार्थी या दोन्ही शब्दांची छटा त्या संज्ञेत यावी, असा हेतू आहे.

या अवस्थेची सुरुवात मिलिमीटरने होते. दूरच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगातून गेल्यावर जेथे एकत्र येतात त्या बिंदूचे भिंगापासूनचे अंतर म्हणजे नाभीय अंतर, ही व्याख्या शालेय जीवनात दोन गुणांसाठी पाठ केली जाते आणि निकालाच्या दिवशी विसरली जाते. लेन्सार्थ्याला मात्र ती मध्यमवयात, व्याजासकट परत भेटते. हे अंतर कमी असले की लेन्सला ऐसपैस दिसते आणि जास्त असले की थोडेच पण मोठे दिसते, म्हणजे २४ मिलिमीटरची लेन्स सुमारे ८४ अंशांचा पट्टा टिपते, तर ६०० मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम चार अंश येतात. या दोन टोकांच्या मध्ये ५० मिलिमीटरला ‘नॉर्मल’ म्हणण्याची जी प्रथा आहे, ती रूढ करण्यात १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याचा मोठा वाटा आहे. त्या कॅमेऱ्यात सिनेमाची फिल्म वापरून ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट घेतली जाई, आणि चौकटीच्या कर्णाइतके नाभीय अंतर म्हणजे नैसर्गिक दृष्टी असा ठोकताळा असल्याने हिशेबाने लेन्स ४३ मिलिमीटरची हवी होती. बसवली गेली ५० ची. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने लेन्सार्थी एकेका मिलिमीटरसाठी रात्र जागवतो, त्याच्या पायातच सात मिलिमीटरचे ‘चालतंय हो’ भरलेले आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने हयातभरातले बहुतेक काम याच ५० मिलिमीटरवर केले, ही गोष्ट प्रत्येक लेन्सार्थ्याला तोंडपाठ असते आणि ५० मिलिमीटर घेताना ती घरी सांगितलीही जाते; तिचा उत्तरार्ध, म्हणजे तेवढ्यावर त्या गृहस्थाचे भागले, हा मात्र पुढची लेन्स घेताना कोणी काढत नाही.

मिलिमीटरची इयत्ता पार पडली की एफ-क्रमांकाचा वर्ग लागतो. लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र किती उघडते हे सांगणारा हा आकडा असून, नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. त्यामुळे छिद्र जितके मोठे तितका आकडा लहान आणि आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी, हे व्यस्त प्रमाण घरच्यांना समजावून सांगताना लेन्सार्थ्याची फार ओढाताण होते. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स सर्वांत स्वस्त लेन्समध्ये मोडते आणि त्याच ५० ची एफ/१.२ लेन्स तिच्या कित्येक पट महाग असते, परंतु प्रकाश मात्र ती सव्वादोन पटच जास्त घेते. या वाढीव प्रकाशाचे करायचे काय, असा प्रश्न घरातून आला की लेन्सार्थी स्टॅनले कुब्रिकला साक्षीला बोलावतो. ‘बॅरी लिंडन’ या १९७५ सालच्या चित्रपटातील मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपण्यासाठी कुब्रिकने झाइस कंपनीने ‘नासा’साठी घडवलेली एफ/०.७ ची लेन्स वापरली होती, हे सत्यच आहे, आणि हे सत्य सांगून झाल्यावर लेन्सार्थी त्यास घरगुती रूप देतो.

“देवघरातल्या समईच्या उजेडात फोटो काढता येतील.”

“मग ट्यूब लाव की.”

इतक्या थोड्या शब्दांत प्रकाशशास्त्राचा निकाल लावणारे दुसरे उत्तर या क्षेत्रात अद्याप आलेले नाही.

मोठ्या छिद्राचा दुसरा परिणाम असा, की ज्यावर नेम धरला तेवढेच स्पष्ट येते आणि मागचे सारे विरघळते. या विरघळण्याला जपानी भाषेत ‘बोके’ म्हणतात, आणि लेन्सार्थी हा शब्द चारचौघांत मोकळेपणाने वापरत असल्यामुळे “या लेन्सचे बोके फार मऊ आहेत” असे वाक्य ऐकून मराठी घरांतील वडीलधारी मंडळी काही काळ शेजाऱ्यांच्या मांजराचाच विषय चालू आहे असे समजतात. अडचण केवळ शब्दाची असती तर निभावले असते. बोके ही कल्पनाच अशा समाजात निर्माण झालेली असावी, जेथे माणसाच्या मागे दाखवण्यासारखे काही नसते; येथे मात्र फोटो काढण्याचे प्रयोजन बहुतांशी माणसाच्या मागेच असते. वास्तुशांतीला बोलावलेला लेन्सार्थी एफ/१.८ वर तीन-साडेतीनशे फोटो काढून मोठ्या अभिमानाने पाठवतो, आणि यजमानांना त्या सर्व फोटोंत पाहुण्यांच्या मागे सोनेरी धुके दिसते. वीस वर्षांचे कर्ज काढून केलेले मॉड्युलर किचन तीन तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने आलेले असते. “छान आलेत,” असे यजमान म्हणतात, आणि थोडे थांबून विचारतात, “पण हे आपल्याच घरातले का?”

व्यक्तिचित्रासाठी, म्हणजे पोर्ट्रेटसाठी, ८५ मिलिमीटरची लेन्स उत्तम, असे सर्व ग्रंथ एकमुखाने सांगतात, आणि त्यामागे कारणही आहे. रुंद लेन्सने चेहरा चौकटभर घ्यायचा तर माणसाच्या अगदी जवळ जावे लागते, जवळ गेले की नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याला फारच निकट येते, आणि फोटोत नाक पुढे आणि माणूस मागे असा प्रकार होतो. ८५ ने तोच चेहरा लांबून घेता येतो, म्हणून तो प्रमाणबद्ध दिसतो. दोष लेन्सचा नसून उभे राहण्याच्या जागेचा असतो, हे यातून निघणारे तत्त्व लेन्सार्थी वाचतो, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि ८५ ची लेन्स मागवतो. जागेचा प्रश्न ती घरी आल्यावर उभा राहतो. साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी हवा सोडून, ८५ मिलिमीटरने घ्यायचा तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला साधारण साडेपंधरा फूट अंतर लागते. आणि सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसणारी जी प्रकाशग्राही पट्टी, ती बहुतेकांच्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यात लहान असल्यामुळे हेच अंतर तेवीस-चोवीस फुटांवर जाते. मुंबईतील खोली असते दहा बाय बाराची, आणि तीत कपाट असते. लेन्सार्थी डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकू लागतो, पाठ कपाटाला टेकते, दार उघडून तो पॅसेजमध्ये जातो, तेथेही चौकटीत गुडघ्यापर्यंतच माणूस मावतो, मग तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि समोरच्या बिऱ्हाडातील काकू आतून विचारतात, “कोण पाहिजे?” पूर्ण माणूस मिळतो तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, आणि तोवर घरातला माणूस खुर्ची सोडून दूध आणायला गेलेला असतो.

लेन्स मिळाली म्हणजे ती तपासणे आले. तपासणीची जी पद्धत जगन्मान्य आहे ती अशी, की विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा तिवईवर समांतर लावून फोटो काढायचा. विटांच्या ओळी सरळ असतात, त्यामुळे त्या फोटोत पोट सुटल्यासारख्या फुगल्या तर लेन्समध्ये विरूपण आहे असे ठरते, आणि कोपऱ्यातील विटा मधल्या विटांइतक्या रेखीव आल्या नाहीत तर कडांचा दोष कळतो. ही पद्धत ज्या शहरांत निघाली तेथे उघड्या विटांची घरे असतात. इकडे गिलावा, त्यावर रंग आणि रंगावर जाहिरात असल्यामुळे नागडी वीट पाहायची तर बांधकाम चालू असलेली इमारत गाठावी लागते. लेन्सार्थी रविवारी सकाळी तेथे पोहोचतो, तिवई उभारतो, फुटपट्टीने भिंतीपासूनचे अंतर मोजतो आणि एफ-क्रमांक बदलत एकाच भिंतीचे चौदा फोटो काढतो. चौथ्या फोटोला रखवालदार येऊन उभा राहतो, सातव्याला तो फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलतो, आणि दहाव्याच्या सुमारास मुकादम चहा घेऊन येतो.

“साहेब, महापालिकेतून का?”

“नाही, नाही. मी आपला लेन्स बघतोय.”

“बघा ना, सावकाश बघा. या बाजूची भिंत जरा वाकडीच झालीय, ती आम्ही पाडणारच आहोत.”

घरी येऊन लेन्सार्थी ते फोटो संगणकावर मोठे करून पाहतो, डाव्या कोपऱ्यातील ओळ झुकलेली दिसते, आणि दोष लेन्सचा की गवंड्याचा हे ठरवण्याचे कोणतेही साधन प्रकाशशास्त्रात उपलब्ध नसल्यामुळे तो पुढच्या रविवारी दुसऱ्या बिल्डरची भिंत शोधू लागतो.

रुंद लेन्सचे, म्हणजे वाइडचे, खरे क्षेत्र निसर्गदृश्य असे मानले जाते, परंतु घराण्यातील एखाद्याकडे ती आहे असे कळले की तिचे क्षेत्र लग्नातला समूहफोटो हेच ठरते, कारण पन्नास माणसे, एक सोफा आणि मागे हटायला जागा नाही, ही परिस्थिती तिच्याविना निभत नाही. रुंद लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. रांगेच्या टोकाला उभी असलेली व्यक्ती त्यामुळे मूळच्यापेक्षा सव्वापट ऐसपैस दिसते, आणि टोकाला नेमकी कोण उभी राहते, तर मानापमानाच्या हिशेबात जी आधीच दुखावलेली असते ती. अनुभवी लेन्सार्थी यावर उपाय म्हणून अंगाने भरलेल्या मंडळींना आग्रहाने मध्ये बोलावतो, “मावशी, तुम्ही मध्ये या, नवरीजवळ,” आणि मावशी या मानाने सुखावतात. हा मान नसून भूमिती आहे, हे ज्या दिवशी कोणा भाच्याच्या तोंडून फुटते, त्या दिवसापासून लेन्सार्थ्याला त्या घरचे आमंत्रण येत नाही. मुहूर्ताच्या वेळची कथा वेगळी आहे. त्यासाठी आणलेली ७०-२०० मिलिमीटरची दीड किलोची लेन्स लांबून अंतरपाटावर रोखलेली असते, शेवटची मंगलाष्टका संपते, आणि त्या क्षणी मुलीचे मामा, मुलाचे मामा आणि अक्षता टाकायला सरसावलेले अन्य दहा जण लेन्ससमोर उभे राहतात. २०० मिलिमीटरवर मामांच्या सफारीचे शिवणकाम मात्र अप्रतिम येते, एकेक टाका मोजून घ्यावा असे.

वन्यजीवनासाठी लांब लेन्स हवी, याबद्दल दुमत नाही. १५०-६०० मिलिमीटरची दोन किलोची झूम, म्हणजे नाभीय अंतर कमी-जास्त करता येणारी लेन्स, खांद्यावर घेऊन लेन्सार्थी मे महिन्याच्या उन्हात ताडोबात जातो, कारण पाणवठे आटले की वाघ दिसण्याची शक्यता वाढते. या लेन्सला साधारण अडीच मीटरच्या आतले काही स्पष्ट दिसत नाही, ही बाब माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेली असते आणि वाघाने ते वाचलेले नसते. दोन दिवस, चार फेऱ्या, लाल धूळ आणि लांबवरच्या चितळांच्या पाठी एवढे हाती लागल्यावर पाचव्या फेरीला वाघीण झुडपातून निघून थेट जिप्सीच्या बाजूने चालू लागते.

“हालू नका जी,” गाइड पुटपुटतो, “लय जवळ हाय.”

लेन्सची मोटर पुढे-मागे घरघरत राहते, चौकटीत पिवळे-काळे धुके फिरते, आणि वाघीण निघून गेल्यावर लेन्सार्थ्याकडे तीन पट्टे, अर्धा कान आणि पुढच्या आसनावरील गृहस्थांच्या टोपीचे सुस्पष्ट चित्र उरते. तेव्हा किट लेन्स कोठे होती, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती घरी, कपाटात, खोक्यात होती. यावरून धडा घेऊन तो पुढच्या हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, दोन कॅमेरे आणि चार लेन्स घेऊन जातो, आणि रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा होडीत एका हातात एक लेन्स, दुसऱ्या हातात दुसरी आणि दातांत झाकण अशा स्थितीत सापडतो. “दादा, पाखरं गेली,” असे नावाडी सहानुभूतीने सांगतो. कासच्या पठाराविषयी थोडक्यात आटोपणे बरे. तेथील नखाएवढ्या फुलांसाठी मॅक्रो लेन्स लागते, जी वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटवते, पण इतक्या जवळून स्पष्टतेची जाडी मिलिमीटरभरही उरत नाही. त्यात वारा, त्यात स्वतःचा श्वास, आणि त्यात पोटावर पालथे पडून सरकताना मागून येणारी राखणदाराची शिटी.

पावसाळा हा लेन्सार्थ्याचा सुतककाळ. कोकण-मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशीचे कोळीष्टकासारखे तंतू पसरतात आणि ते एकदा काचेचा लेप खाऊ लागले की निघत नाहीत. त्यावर हवाबंद डबा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हा सर्वमान्य उपाय असून, त्या पुड्यांसाठी लेन्सार्थी घरातल्या प्रत्येक नव्या चपलांच्या खोक्यावर डोळा ठेवून असतो. तांदळाच्या डब्यात वस्तू ठेवल्याने ओल जाते, हे कोठेतरी वाचून कोणी लेन्स तांदळात पुरते, आणि टोके होऊ नयेत म्हणून त्या तांदळाला बोरिक पावडर चोळलेली आहे हे झूमची कडी करकरू लागल्यावर समजते. भातात कसलेसे रबरी झाकण सापडल्याचे त्याच आठवड्यात घरातून कळवले जाते.

लपवण्याचे शास्त्र स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. बहुतेक लेन्स काळ्याच असल्याने नवी आणि जुनी यांतला भेद बाहेरच्याला कळत नाही, आणि “ही नवी का?” या प्रश्नाला “छे, मागच्या दिवाळीचीच ती” हे उत्तर वर्षानुवर्षे चालून जाते. कॅननच्या मोठ्या टेली लेन्स मात्र पांढऱ्या रंगाच्या असतात. उन्हात त्या तापू नयेत आणि आतल्या काचांवर उष्णतेचा परिणाम होऊ नये, असा त्यामागे हेतू आहे. परंतु त्या रंगामुळे घरातले तापमान किती वाढते, याचा विचार जपानमधील अभियंत्यांनी केलेला दिसत नाही.

एवढ्या साऱ्या सामग्रीचा एक दिवस घरातच उपयोग निघतो. आजी म्हणतात, “तुझ्याकडे एवढ्या दुर्बिणी आहेत, तर माझा एक चांगला फोटो काढून ठेव. पुढे लागेल.” पुढे म्हणजे केव्हा आणि कशाला, हे कोणी विचारत नाही; सून उगीचच पडदा सारखा करते. लेन्सार्थ्याच्या दृष्टीने मात्र ८५ मिलिमीटरचे सार्थक होण्याची घडी आलेली असते, कारण खांद्यापासून वरचा फोटो सात फुटांवरून निघतो आणि तेवढी खोली अजून आहे. आजी नेसून येतात, ठेवणीतल्या मोत्याच्या कुड्या घालतात आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत ताठ बसतात. लेन्सार्थी एफ/१.८ लावतो, नेम डोळ्यांवर धरतो आणि पडद्यावर फोटो दाखवतो. पापणीचा केसन्‌केस दिसतो, डोळ्यांत खिडकीचे चौकोनी प्रतिबिंब उतरलेले असते, लेन्सच्या किमतीतला रुपया न्‌ रुपया वसूल झालेला असतो. आजी बराच वेळ फोटो न्याहाळतात.

“कुड्या कुठायत?”

सात फुटांवर या लेन्सची स्पष्टता जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर खोल असते आणि कान डोळ्यांच्या बरेच मागे असतात, त्यामुळे सात मोत्यांच्या जागी दोन्ही बाजूंना एकेक फिकट चांदणे आलेले आहे, हे लेन्सार्थी समजावतो; शिवाय बघणाऱ्याचे लक्ष डोळ्यांवर जावे, हाच तर उद्देश आहे, असेही सांगतो.

“डोळे काय, सगळ्यांनाच असतात,” आजी म्हणतात. “कुड्या माझ्या आईच्या आहेत.”

लेन्सार्थी छिद्र एफ/८ पर्यंत बारीक करतो. खोलीतला उजेड पुरेनासा होतो, कॅमेरा थरथरतो, तिवई बाहेरच्या खोलीत असते, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी काही न बोलता ट्यूब लावते. दुसऱ्या फोटोत डोळे येतात, कुड्या येतात, पडद्यामागची इस्त्रीची बोचकी येतात, आणि आजींच्या डोक्यामागे भिंतीवरचे कालनिर्णय लख्ख येते. आजी चष्मा पुसून पुन्हा पाहतात आणि मान डोलावतात.

“हा ठेव. यात तारीखसुद्धा दिसतेय.”